व्हॅल्हाइममधला कॅटापल्ट किल्ल्यापर्यंत न्यावा कसा आणि उभा कुठे करावा?

कोरेगावचा_गडी (सातारा)

सर्वांना नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातले सहा मित्र दर शनिवारी रात्री एकाच सर्व्हरवर व्हॅल्हाइम हा संगणकावरचा खेळ खेळतो. मे २०२४ मध्ये आलेल्या ॲशलँड्सच्या भागात आम्ही गेल्या महिन्यात पाऊल ठेवले. उकळत्या समुद्रातून ड्रॅकर जहाज सुखरूप नेले, किनाऱ्यावर तळ टाकला, येथपर्यंत सारे ठीक झाले. मात्र तेथील जळक्या सैनिकांच्या किल्ल्यासाठी बांधलेल्या कॅटापल्टने, म्हणजे धोंडे फेकणाऱ्या यंत्राने, दोन शनिवार खाल्ले आणि भिंतीला अजून त्याचा एकही धोंडा नीट लागलेला नाही.

घडले ते असे. तळावरून किल्ला समोरच दिसतो, म्हणून यंत्र तळावरच बांधले आणि दांडी धरून ओढत न्यायचे ठरविले. समोर दिसते ते जवळ असतेच असे नाही, हे यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या माणसाला तरी कळायला हवे होते. ओढणारा एक आणि चहूबाजूंनी येणाऱ्या टोळ्यांशी झुंजणारे पाच, अशी आमची वाटणी होती. एका चढावर चाक खडकात अडकले. ओढणाऱ्याने दांडी सोडून तलवार उपसली, तेवढ्यात यंत्र आपले आपण उतारावरून मागे सरकत थेट लाव्ह्याच्या काठाशी जाऊन थांबले. त्या रात्री ते तेथेच सोडून परतलो.

दुसऱ्या शनिवारी कसेबसे किल्ल्यासमोर पोहोचलो. पहिला धोंडा तटावरून पलीकडे गेला, दुसरा अलीकडे पडला. आमचा म्हसवडचा मित्र मोबाइलच्या नेटवर खेळतो. तो त्या दिवशी सर्वांच्या आधी तेथे जाऊन थांबला होता. आम्हाला शत्रू एका जागेवरून नाहीसे होऊन दुसऱ्या जागी उगवताना दिसत होते, त्यामुळे मागून टोळी आलेली कोणालाच कळली नाही आणि तिसरा धोंडा भरण्यापूर्वी यंत्राचे तुकडे झाले.

आता कॅटापल्ट पुन्हा बांधावा की रॅमच्या (फाटकाला धडका देणाऱ्या यंत्राच्या) मागे लागावे, आणि यंत्र वाटेत व किल्ल्यासमोर सांभाळावे कसे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली)

कोरेगावकर, तुमचे नेम चुकले याचे मला नवल वाटत नाही, कारण तुमची पहिली चूक तळावरच झाली होती. चाके आहेत म्हणून यंत्र दूरवर ओढत न्यायचे, असा आपला सर्वांचाच समज होतो. प्रत्यक्षात ती चाके शेवटची शंभरेक पावले पुढेमागे करण्यापुरतीच खऱ्या उपयोगाची आहेत. सामान पाठीवर न्या, शक्य असल्यास दगडी पोर्टल (एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात नेणारे दार) उभारून त्यातून न्या (लाकडी पोर्टलमधून धातू जात नाही, दगडी पोर्टलमधून जातो), किल्ल्याच्या नजरेपासून एखाद्या खडकाच्या आड लागेल ते कामाचे मेज मांडा आणि यंत्र तेथेच जोडा. आमच्याकडे ऊस फडातून कारखान्यावर जातो, कारखाना फडात येत नाही. येथे नेमके उलट करावे लागते.

जागा निवडताना मी आधी जमीन सपाट करून घेतो. यात दहा मिनिटे जातात आणि बरोबरचे कुरकुरतात, पण या यंत्राला धोंडा कमी-जास्त लांब फेकण्याची सोय नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फेकीचा जोर जवळपास ठरलेला असतो, त्यातही प्रत्येक फेकीला थोडाफार फरक पडतो. म्हणजे अंतर साधायचे तर यंत्रच हलवावे लागते. आता हे यंत्र जर खडबडीत चढावर उभे असेल, तर त्याचे तोंड वर उचलले जाऊन धोंडा उंच जातो, आणि दोन पावले सरकविल्यावर तोंड पुन्हा वेगळ्याच कोनात येते. मग मागच्या फेकीवरून पुढचीचा अंदाज बांधण्याला काही अर्थच राहत नाही. सपाट पट्टीवर मात्र पलीकडे पडला तर मागे या, अलीकडे पडला तर पुढे जा, एवढाच हिशोब उरतो. मी पट्टी किल्ल्याच्या दिशेने लांबट करतो, रुंद करीत नाही, आणि जेथून नेम लागला त्या जागी बाजूला एक खुंट रोवून ठेवतो.

तुमच्या लिहिण्यात पायांचा उल्लेख कोठेच नाही, म्हणून विचारतो. कॅटापल्टला खाली सोडायचे पाय आहेत, ते तुम्ही टेकविले होते का? पाय टेकविले की यंत्र जड होऊन जागेवर बसते. बैल सोडल्यावर गाडीच्या चाकामागे धोंडा लावल्याशिवाय आमच्याकडचा गाडीवान चहाला जात नाही. तुमच्या माणसाने तलवार उपसण्याआधी पाय सोडले असते, तर ती लाव्ह्याकाठची रात्र टळली असती. ओढणाऱ्याला एवढेच पाठ करायला लावा: दांडी सुटली की आधी पाय, मग तलवार.

तारा_मिरज (मिरज)

वरील उत्तर यंत्रापुरते पुरेसे आहे. मी म्हसवडच्या मित्राविषयी लिहिते, कारण दुसऱ्या शनिवारच्या अपयशाचे मूळ मला तेथे दिसते.

या खेळात सर्व्हर वेगळा असला, तरी एखाद्या भागातील शत्रू, पडणाऱ्या वस्तू आणि त्यांच्या हालचाली यांचा हिशोब त्या भागात उपस्थित असलेल्या एखाद्या खेळाडूच्या संगणकावर चालतो, आणि साधारणपणे जो तेथे आधी पोहोचतो त्याच्याकडे ते काम जाते. त्याचे नेट रखडले की त्याला स्वतःला फारसे काही जाणवत नाही. इतरांना मात्र शत्रू उड्या मारताना दिसतात आणि मारलेला वार उशिरा लागतो. तुमचा मित्र आधी जाऊन थांबला, म्हणजे साऱ्या रणांगणाचा कारभार तुम्ही नकळत मोबाइलच्या नेटवर सोपविलात. उपाय सोपा आहे: ज्याच्याकडे तारेचे चांगले नेट आहे त्याने सर्वांत आधी त्या भागात शिरावे आणि लढाई संपेपर्यंत तेथून हलू नये. चुकून क्रम उलटा झालाच, तर मित्राने थोडा वेळ दूर जाऊन परत यावे.

ओढणीच्या गाडीचे मात्र वेगळे आहे. दांडी जो धरतो, त्या गाडीचा हिशोब त्याच्या संगणकाकडे जातो. तेव्हा दांडीही त्या मित्राच्या हाती देऊ नका. त्याला धोंडे भरण्याचे काम द्या. त्याने वाईट वाटून घेऊ नये, आमच्या घरी ते काम माझ्याकडे असते, कारण वायफाय माझ्या खोलीपर्यंत येत नाही.

गडवाट (वाई)

रॅमविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून चार ओळी. रॅमला लाकडाचे इंधन लागते. ते भरले की तो स्वतःच धडका देत राहतो, तुम्ही फक्त त्याला फाटकासमोर सरळ धरायचे. नेमाची कटकट नाही, पण फाटकाला भिडावे लागते आणि तटावरचे तिरंदाज थेट डोक्यावर येतात. आपल्याकडच्या गडांवर हे यंत्र चालले नसते. रायगडाचा किंवा प्रतापगडाचा दरवाजा पाहा: दोन बुरुजांच्या कुशीत लपविलेला, वाट वळसा घेऊन येणारी, हत्तीला धाव घ्यायला जागा नाही. खेळातले किल्ले बांधणाऱ्यांना गोमुखी दरवाजा ठाऊक नव्हता, हे तुमचे भाग्य. सहा जण असाल, तर कॅटापल्टने तटावरचे लोक गुंतवून ठेवावेत आणि दोघांनी रॅम फाटकाला लावावा, असे माझे मत आहे.

आणखी एक. भिंत पडण्याची वाट पाहत सगळ्यांनी तिच्या पायथ्याशी दाटी करू नये. तुम्ही साताऱ्याचे, म्हणून तुम्हाला अजिंक्यताऱ्याची आठवण करून देतो. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने त्या किल्ल्याला वेढा घातला. तोफा होत्या, मोर्चे होते, तरी प्रयागजी प्रभूंनी गड चार महिने लढविला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी दोन सुरुंग उडविले. पहिल्याने तटाचा भाग आत कोसळला आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले, ते जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि चढाईसाठी खाली तयार उभ्या असलेल्या सुमारे २,००० मोगल सैनिकांवर आला. पुढे गड मिळाला तो वाटाघाटींनी, राजाराम महाराजांच्या निधनानंतर. खेळात भिंत तशी कोसळत नाही, पण दाटीत सापडलेल्या माणसांचे तिरंदाज जे करतात, ते पाहिल्यावर मला दर वेळी हेच आठवते.

उसाचा_फड (कराड)

थोडा मतभेद नोंदवितो. आम्ही दोघेच भाऊ खेळतो. दोघांत एक दांडीला गुंतला की राखणीला एकच उरतो, त्यामुळे आम्हाला यंत्र कधीच परवडले नाही. सहा जण आहात, तर यंत्र वापरा. पण यंत्राजवळ किमान दोघे पाठ वळवून, म्हणजे किल्ल्याकडे न बघता उभे राहतील, असे आधीच ठरवा. धोंडा उडाला की सगळे तो कुठे पडतो हे बघत बसतात, आणि तुमचे यंत्र त्याच वेळी तुटले असणार. आभाळाकडेही एकाची नजर हवी. पतित वाल्किरी ही उडणारी शत्रू वरून येते.

कोरेगावचा_गडी (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रीचा वृत्तांत देतो. कृष्णाकाठ, पाय टेकविले नव्हते; आमच्यापैकी कोणालाही ते पाय आहेत हेच माहीत नव्हते, हे लिहिताना संकोच वाटतो.

काल सामान पाठीवर नेले, खडकाआड यंत्र जोडले आणि किल्ल्याच्या दिशेने लांबट पट्टी सपाट केली. सर्वांत आधी आमचा वाढे फाट्यावरचा मित्र गेला, त्याच्याकडे फायबर आहे. शत्रूंचे उड्या मारणे पूर्ण थांबले. पहिला धोंडा पुन्हा पलीकडे गेला. पाय उचलून चार पावले मागे आलो, दुसरा तटाच्या माथ्याला घासून गेला. आणखी एक पाऊल मागे, आणि तिसरा भिंतीच्या मध्यावर बसला. तेथे खुंट रोवला. त्यानंतरचे धोंडे थोडे इकडेतिकडे पडत राहिले, पण सारे भिंतीवरच. कराडकर, पाठ वळवून उभ्या असलेल्या दोघांनी दोन टोळ्या अडविल्या, त्यांतल्या एकाची तक्रार अशी, की भिंत फुटली तेव्हा ती त्याला पाहता आली नाही.

खिंडार पडले, आम्ही आत शिरलो, घंटेचा एक तुकडा मिळाला. पूर्ण घंटेला असे तीन लागतात, म्हणजे अजून दोन किल्ले बाकी आहेत. पुढच्या वेळी गडवाट यांच्या सांगण्याप्रमाणे रॅमही नेणार आहोत. त्याचे लाकूड गोळा करण्याचे काम म्हसवडच्या मित्राने आपणहून घेतले आहे.