हॅरी पॉटरमध्ये असं आहे तरी काय? पोरगी पुस्तक सोडेना

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी. प्रश्न येडपट वाटेल पण विचारतोच. आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, मुलगी पाचवीत, सेमी इंग्लिश. शाळेच्या पुस्तकांशिवाय दुसरं काही वाचताना तिला कधी बघितलं नव्हतं. आता मे महिना, बाहेर ४३ डिग्री, दुपारी सगळं घर कूलरसमोर आडवं, आणि ही बया भिंतीला टेकून हॅरी पॉटर घेऊन बसलेली. मामाने पुण्याहून येताना पहिले दोन भाग आणले होते, इंग्रजीतले, अडलेले शब्द मला विचारते, मला येत नाहीत तेव्हा पुढे जाते. दोन्ही झाले तर म्हटलं आता गप बसेल, तर नाही, परत पहिल्या पानापासून सुरू. अगं पुढं काय होणार ते माहीत आहे ना तुला, मग कशाला? तर म्हणते तुम्हाला नाही कळणार. मी सुरुवातीची काही पानं वाचून बघितली. अनाथ पोरगं, छळणारी मावशी, आणि मग कळतं की हा साधासुधा नाही. हे तर आपण चांदोबात पण वाचलंय की ओ. त्यात आमच्या मातोश्रींचं वेगळंच, पोरीच्या डोक्यात जादूटोणा भरतोय म्हणून रोज ऐकवतात. एवढं वेड लागण्यासारखं त्यात आहे काय ते वाचणाऱ्यांनी सांगा, आणि पुढचे भाग घ्यावेत का तेही सांगा, सातचा सेट काय स्वस्त नाही.

पार्कचौक_कट्टा:
घ्या की ओ. पोरगी मोबाईल बाजूला ठेवून पुस्तक वाचायलीय आणि तुम्ही कारण विचारलालाव. आमचं कार्टं तर मेनूकार्ड सोडून काहीच वाचंना.

जुनी_वाचक:
शेंगाचटणी, तुम्ही थोडं लवकर थांबलात. मी कॉलेजात असल्यापासून ही पुस्तकं वाचतेय आणि मला विचाराल तर जादू हे त्यातलं खरं आकर्षण नाहीच, जादू काय, आपल्याकडच्या गोष्टींत पोत्याने आहे. आकर्षण आहे ते त्यातल्या जादूच्या शाळेचं.

बघा, त्या पोराला शाळेचं पत्र येतं ना, त्याच्यावरचा पत्ता नीट वाचा. नुसतं घर नंबर चार नाही, तर 'जिन्याखालचं कपाट' असं लिहिलेलं असतं, कारण तो तिथे झोपतो. मग मावशी आणि काका घाबरून त्याला वरची बारकी खोली देतात तर पुढच्या पत्रावर 'सगळ्यात लहान बेडरूम' येतं. काका वैतागून सगळ्यांना घेऊन समुद्रातल्या एका खडकावरच्या झोपडीत पळतो, तर तिथेही पत्र हजर, पत्ता काय, तर झोपडी आणि तिची फरशी! आता दहा अकरा वर्षाच्या पोराच्या जागी बसून विचार करा. घरात ज्याला कुणी मोजत नाही, तो नेमका कुठे पथारी टाकतो हे बाहेर कुणाला तरी माहीत आहे, आणि ते त्याला बोलावतायत. मला तर एवढ्यावरच भरून आलं होतं, आणि तेव्हा मी काही दहा वर्षांची नव्हते.

मग शाळेची यादी येते. कुठली पुस्तकं, किती झगे, कढई कुठल्या मापाची, आणि खाली ठळक अक्षरात काय, तर पालकांनी नोंद घ्यावी, पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःचा झाडू आणायला परवानगी नाही. ही सूचना आपल्या कुठल्याही शाळेच्या सर्क्युलरमध्ये खपून जाईल. १ सप्टेंबरला ११ वाजताची गाडी, होमवर्क, एका वर्गाला पाठीशी घालणारा सर, कमी केलेले मार्क, परीक्षेचं टेन्शन, सगळं आपल्या पोरांच्या ओळखीचं. त्यांचे पैसेसुद्धा हिशोबाला किचकट, २९ नटचा एक सिकल आणि १७ सिकलचा एक गॅलियन. मुलं हे पाठ करतात, आणि १७ चा पाढा म्हणायला लावा, कुणी म्हणत नाही.

आणि परत परत का वाचते म्हणाल तर ती लेखिका लै बेरकी आहे. पहिल्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात हॅग्रिड, म्हणजे त्या शाळेचा धिप्पाड राखणदार, बाळाला म्हणजे हॅरीला घेऊन उडत्या मोटरसायकलवरून येतो, गाडी कुणाची आणलीस विचारलं तर एक नाव सांगतो आणि विषय संपतो. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिसरा भाग वाचून झाला की तुमची मुलगी किंचाळत पहिला उघडेल बघा. दुसऱ्या भागातली डायरी असते ना, ती नक्की काय होती ते थेट सहाव्यात कळतं. म्हणजे वरवर जादूची गोष्ट पण आतून प्रत्येक भाग पक्की रहस्यकथा, पुरावे सगळे तुमच्या डोळ्यासमोर ठेवलेले आणि मोठी माणसं मुलांना काही धड सांगत नाहीत. हे शेवटचं तर मुलांना फारच पटतं.

विडी_घरकुल:
एवढं पण काय नाय बे त्यात. मी तीन भाग वाचून सोडलं. बोर्डिंग शाळेतल्या गोष्टी इंग्रजीत याच्या आधीपासून ढिगाने आहेत, हिने त्यात झाडू आणि जादूच्या छड्या घातल्या. तो झाडूवर उडत खेळायचा क्विडिचचा खेळ तर कुठल्या शहाण्याने काढला, एका गोलाला १० गुण, आणि ती बारकी सोनेरी चेंडी पकडली की एकदम १५० आणि मॅच खलास. मग बाकीचे सहा जण हवेत काय करायलेत? हिरोचं पण बऱ्याचदा नशिबावर भागतं, डोकं सगळं त्याच्या मैत्रिणीचं, त्या हर्मायनीचं. आमच्या लहानपणी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, त्याला ना छडी ना झाडू, एक सायकल आणि टॉक्! तेवढ्यात गुन्हेगार आत. बाकी सगळी मार्केटिंगची कमाल. रात्री बारा वाजता दुकानासमोर रांगा लावायच्या म्हणजे कळलंच.

जुनी_वाचक:
@विडी_घरकुल क्विडिचचं तुमचं बरोबर आहे, त्याचा बचाव करायला मी येणार नाही. पण मार्केटिंगचं उलट आहे हो. रांगा नंतर आल्या. १९९७ साली पहिला भाग आला तेव्हा प्रकाशकाने पहिल्या छपाईत पक्क्या बांधणीच्या फक्त ५०० प्रती काढल्या होत्या. ५०० प्रतींना कोण जाहिरात करतंय? पोरांनी वाचलं, पोरांनी पोरांना सांगितलं, मग बाकीचे जागे झाले. आणि फेणे मलाही प्रिय आहे, पण फेणे कधी मोठा होत नाही. हा पोरगा पहिल्या भागात ११ चा आणि सातव्यात १७ चा, दर भागाला एक वर्ष, आणि पुस्तकाची भाषा पण त्याच्याबरोबर वाढते. नशिबाचं म्हणाल तर हर्मायनीशिवाय त्याचं चालत नाही हे पुस्तकच कितीदा सांगतं, तो काही एकटा सगळ्यांना लोळवणारा हिरो नाहीये.

सिद्धेश्वर_तळ्याकाठी:
परत वाचण्याबद्दल एवढंच म्हणतो, गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, दर जानेवारीत जाताच ना? नंदीध्वज कुठून निघणार, पाळणा कुठे लागणार, सगळं पाठ असतं. तरी जायचंच असतं.

आता तुमच्या आईंच्या जादूटोण्याबद्दल, कारण आमच्या घरीही हेच झालं होतं. त्यांना विचारा, दुसरा भाग पोरीने वाचलाय ना, मग त्यातला लॉकहार्ट नावाचा सर कोण आहे ते तिच्याकडूनच ऐका. दुसऱ्यांनी केलेले पराक्रम आपल्या नावावर खपवून पुस्तकं काढणारा, फोटोत दात दाखवणारा, वेळ आली की पळणारा. हा तर अस्सल बुवा आहे! पुस्तक त्याला शेवटी सोडत नाही. तिसऱ्या भागात भविष्य शिकवणारी बाई येते, चहाच्या कपातल्या चोथ्यात सगळ्यांचं मरण बघत असते, तिचीही भरपूर टर उडवलीय. अंधश्रद्धेचं म्हणाल तर ही पुस्तकं तुमच्या बाजूने आहेत.

आणि त्याच भागात बोगार्टचा तास आहे तो तर आईंना वाचूनच दाखवा. कपाटात एक चीज कोंडलेली असते, जो समोर येईल त्याला ज्याची भीती त्याचं रूप घेते. तिला घालवायचा मंत्र आहे पण नुसता मंत्र म्हणून काही होत नाही, तुम्हाला ती गोष्ट हास्यास्पद करून दाखवावी लागते, हसलात की ती चीज गोंधळते. वर्गातलं सगळ्यात भित्रं पोरगं नेव्हिल, त्याला भीती कशाची तर राक्षसाची नाही, भुताची नाही, शाळेतल्या सरांची! मग नवे सर त्याला विचारतात, तुझी आजी कसे कपडे घालते? आणि कपाटातून ते खडूस सर बाहेर येतात ते आजीचा झालर लावलेला झगा, डोक्यावर पेंढा भरलेलं गिधाड बसवलेली टोपी आणि हातात लालभडक पर्स घेऊन. आमचा मुलगा तेव्हा शाळेत एका सरांना प्रचंड घाबरायचा, सकाळी पोटात दुखतंय म्हणून बसायचा. हे प्रकरण वाचल्यावर रात्री एकटाच खिदळत होता, विचारलं तर सांगेना. कुणाला नऊवारी नेसवली होती देव जाणे. पोटदुखी लगेच थांबली असं नाही म्हणत, पण सरांचं नाव घेताना चेहरा पडायचा बंद झाला.

शेंगाचटणी:
लै भारी उत्तरं, सगळ्यांचे आभार. लॉकहार्टचं आईला सांगितलं, म्हणजे मुलीनेच सांगितलं, अर्धा तास, हातवारे करून. आईने ऐकून घेतलं आणि आमच्या नात्यातल्या एका माणसाचं नाव घेतलं, ते इथे लिहीत नाही 😀. पत्त्याची गोष्ट मी वाचली होती पण डोक्यातच शिरली नव्हती, पोरीला विचारलं तर तिला सगळे पत्ते क्रमाने पाठ. आणि एक, तिने मला विचारलंय की त्या शाळेत पाटील कशा काय? खरंच आहेत का ओ?

पार्कचौक_कट्टा:
आहेत की! जुळ्या बहिणी, पार्वती आणि पद्मा पाटील. पहिल्याच भागात टोपी घालून वर्ग ठरवतात तिथं पाटील, पाटील अशी नावं पुकारतात. पंढरपूरच्या का अकलूजच्या ते काय लेखिकेनं सांगितलं नाय. एवढ्या जादूगारांत आपले पाटील घुसलेत म्हणल्यावर सेट घ्यायलाच पाहिजे बे.

जुनी_वाचक:
सेट एकदम घेऊ नका असं मी सांगेन, पाटील असल्या तरी 😀. पाचवीतल्या मुलीला तिसरा भाग बिनधास्त द्या, माझ्या मते सातांमधला तोच सगळ्यात चांगला. त्यात डिमेंटर म्हणून आहेत ते अंगावर येतात, जवळ आले की माणसातला सगळा आनंद शोषून घेतात, पण त्यावर उताराही तिथेच दिलाय, चॉकलेट, त्यामुळे मुलं सांभाळून घेतात. चौथ्यापासून रंग बदलतो. जाडी एकदम वाढते आणि शेवटाकडे एक मरण येतं, ते खोट्या राक्षसाचं नाही, ओळखीच्या चांगल्या मुलाचं. वाचू नये असं नाही, पण तुम्ही आधी वाचा, किंवा ती वाचत असताना घरात तिच्याशी बोलायला कुणीतरी असू द्या. पाचवा इंग्रजीत ७६६ पानांचा आहे आणि त्यात हॅरी सारखा चिडलेला असतो, दहा वर्षाच्या मुलीला तो कटकट्या वाटतो आणि चौदाव्या वर्षी अगदी बरोबर वाटतो. थांबलात तर नुकसान काही नाही.

तुम्हाला स्वतःला वाचायचं असेल तर मराठीतही आहे, पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' नावाने. विकत घ्यायच्या आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात एक चक्कर टाका, नसेल तर जुन्या पुस्तकवाल्यांकडे बघा. जुना घेताना मधली पानं तपासून घ्या, पायरेटेड छपाईत पानं उलटसुलट लागलेली असतात आणि रहस्याच्या पुस्तकात ते फार वाईट.

विडी_घरकुल:
माझ्याकडं तिसरा भाग ओरिजिनल पडून आहे, म्हणलं ना तिथंच सोडलं होतं. पोरीला देऊन टाकतो, सात रस्त्याला या कुणीतरी. बदल्यात तिला एक फेणे वाचायला लावायचा, हे आधीच ठरलं पाहिजे.

शेंगाचटणी:
ठरलं. रविवारी सकाळी येतो, ऊन चढायच्या आत.