तुळजापूर: परडी-पोत ही भेसळ कशी?

नळदुर्गकर: परवा एकानं लिहिलं, तुळजाभवानीची खरी पूजा वैदिक, परडी (देवीच्या नावाची टोपली), पोत (चिंध्यांची पेटती मशाल), गोंधळ ही नंतरची भेसळ, अभिषेक करा आणि निघा. अहो, भाद्रपद वद्य अष्टमीला देवी निद्रेला जाते. मूर्ती चल आहे, म्हणून सिंहासनावरून पलंगावर निजवता येते. त्या गाद्यांचा कापूस बायका देवळातच हातानं पिंजतात. दसऱ्याला बुऱ्हाणनगरची पालखी आणि अहिल्यानगरकडून पलंग आल्याशिवाय सीमोल्लंघन होत नाही, आणि तो मान तेली समाजाचा. हे सगळं वगळून पूजा करून दाखवा.

वेदघोष: मानाला माझा विरोध नाही. पण स्कंदपुराणात अनुभूतीची, म्हणजे कर्दम ऋषींच्या पत्नीच्या हाकेला देवी धावली ती कथा आहे, पोताची नाही. आणि महानवमीची अजाबळी, म्हणजे बोकडाचा बळी, कशी पटवणार?

आराधीण: पुराणात नाही म्हणून खोटं? कवड्यांची माळ, परडी, मंगळवार-शुक्रवारचा पाच घरचा जोगवा, हा आमचा कुळाचार आहे. आणि पोत म्हणजे नुसता पेटवलेला चिंधीचा पीळ नव्हे. तेल जास्त झालं की पेटतं तेल मनगटावर ठिबकतं, म्हणून आधी निथळून घ्यायचा, पुढे कलता धरायचा, गर्दीत कधीच नाचवायचा नाही.

तिथीवाला: भांडण चालू द्या. निद्रेत दर्शन होतं की नाही तेवढं सांगा.

नळदुर्गकर: होतं, पलंगावरच्या देवीचं. अभिषेक मात्र बंद, सुगंधी तेल लावतात. निद्रा वर्षातून तीनदा. घोरनिद्रा म्हणजे ही भाद्रपद वद्य अष्टमीची, घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत. श्रमनिद्रा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर, अश्विन पौर्णिमेला पहाटे देवी परत सिंहासनावर. मोहनिद्रा पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. नवस अभिषेकाचा असेल तर आधी पंचांग बघा. सुट्ट्या बघून गाडी ठरवणारे इथंच फसतात, आणि मग पुजाऱ्यांशी हुज्जत घालतात.

वेदघोष: हुज्जत घालतात कारण बाहेर पाटी नसते! दर्शनाची रांग, पासची रांग, दोन्हीकडं तास जातात आणि अभिषेक बंद हे शेवटी कळतं. त्यावर लिहा की कोणीतरी.

आराधीण: पाटी हवीच, त्यात दुमत नाही. पण विषय बदलू नका. भेसळ हा शब्द मागे घेणार का?

वेदघोष: अजाबळी मला पटत नाही, पटणारही नाही. पण कापूस, पलंग, पालखी काढली तर निद्राच उरत नाही, हे मान्य करावं लागतंय. भेसळ शब्द काढतो. परडीबद्दल मात्र बोलणं संपलेलं नाही.

आराधीण: तर मग पुढच्या मंगळवारी परडीत काय काय भरतात ते विचारा, सांगते.