दारात दोन गायी आणि 2 घनमीटरचा गोबरगॅस: अनुदान वाया?

घाटमाथा: मुळशी, वेल्ह्याकडे दोन गावठी गायी असलेल्या घरालाही 2 घनमीटरची दीनबंधू (जमिनीत बांधायची, पक्क्या घुमटाची) गोबरगॅस टाकी अनुदानातून बांधायला लावतात. 1 घनमीटर गॅसला रोज 25 किलो ताजं शेण लागतं. चरायला जाणाऱ्या गायीचं निम्मं शेण रानात पडतं, गोठ्यात हाती येतं जेमतेम 5-6 किलो. दोघींचं मिळून अर्धा घनमीटर गॅसही होत नाही आणि साधा बर्नर तासाला 0.45 घनमीटर खातो. चहा आणि भात झाला की संपला; भाकऱ्या पुन्हा चुलीवर. तोच अनुदानाचा पैसा सोलर आणि इंडक्शनच्या शेगडीला द्या.

शेणकाला: माप चुकलं तर दोष मापाचा, टाकीला का बोल लावता? जुन्नर-शिरूरकडे चार-पाच संकरित गायी दावणीलाच असतात, 50 किलो शेण सहज निघतं. 2 घनमीटर गॅस म्हणजे साधारण 900 ग्रॅम एलपीजीचं काम, म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर सोळा दिवसांत वाचला. टाकीतून निघणारी रबडी (पातळ शेणखत) कांद्याला जाते ती वेगळीच.

बंद टाक्या उघडून बघा, कारणं तीच ती. शेणाला पाणी समसमान हवं, इथे बादली अंदाजाने ओततात. वैरणीच्या काड्या वेचत नाहीत, त्या तरंगून वर जाड थर धरतात आणि गॅस अडतो. गोठा फिनेलने धुऊन तेच पाणी आत सोडतात, जिवाणू मरतात. पाइपला उतार नसला की आत पाणी साचून ज्योत फडफडते. सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवायलाच हवा. आणि एलपीजीची शेगडी तशीच जोडू नका. तिच्या जेटचं भोक बारीक, हवा जास्त. ज्योत बर्नरवर टिकत नाही.

वायरमन भोर: घाटमाथा साहेब, संध्याकाळी सातला शेवटच्या खांबावर व्होल्टेज मोजलंय का? 170-180 वर आलं की बरेच इंडक्शन एरर दाखवून बंद पडतात. ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, सोलर तर लाइट गेली की स्वतःहून थांबतो, तारेवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. म्हणजे बॅटरी आलीच. रात्रीच्या स्वयंपाकाला दीड युनिट धरा. 12 व्होल्ट 150 एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीत 1.8 युनिट असतात, निम्म्याखाली रोज उतरवली तर लवकर बसते. दोन बॅटऱ्या आणि 2 केव्हीएचा इन्व्हर्टर, हा खर्च तुमच्या हिशेबात कुठे आहे?

घाटमाथा: रात्रीचा स्वयंपाक बॅटरीवर करा असं म्हटलंय कोणी? 1 किलोवॅट पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला 4 युनिट देतं. डाळ भिजवून कुकरला दुपारीच लावा. छतावरच्या सोलरसाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये अनुदान आहेच. थंडीत गॅसही घटतो, ते शेणकाला सोयीने विसरले.

शेणकाला: विसरलो नाही. दुपारी, उन्हात ठेवलेल्या पाण्यात शेण कालवून भरा, बराच फरक पडतो. पण आषाढात वेल्ह्यात तुमचं ऊन कुठून आणणार?

परसदार: भांडताय दोघे आणि भाकरीचं कोणी बोलत नाही. इंडक्शनवर बिडाचा सपाट तवा चालतो, ॲल्युमिनियमचा किंवा मातीचा नाही. शिवाय भाकरी फुगवायला उघडी आच लागते. ती गोबरगॅसवर मिळते, दोन गायींच्या गॅसवरही! मग ठेवा तो गॅस भाकरीलाच, डाळ-भात विजेवर. लाकूड सगळ्यात जास्त जातं अंघोळीच्या पाण्याला, त्याचा विचार दोन्ही बाजूंनी केलेला दिसत नाही.

पाचटवाला: दौंड-बारामतीकडे उसाचं पाचट (वाळलेला पाला) आहे की. पुण्याच्या आरती संस्थेने पाचटाच्या कोळशाच्या कांड्या केल्या, 2002 ला ब्रिटनचा ॲश्डेन हा ऊर्जेसाठीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या वाफेवर शिजवणाऱ्या सराई कुकरमध्ये 100 ग्रॅम कांड्यांवर डाळ-भात शिजतो. बचत गटाला धंदाही होतो.

शेणकाला: पाचट शेतातच कुजवावं, कोळसा कसला करता? आणि बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड होतो, खिडकी उघडी ठेवा हे कांडीच्या पिशवीवरच छापा.

पाचटवाला: छापू. पण जे पाचट आज बांधावर पेटवतात, ते कुजवायला कोणी थांबत नाही, हेही लिहा.