मांजर बाबांच्या पायाच्या भेगा चाटते, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मनी आमच्याकडे आली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती, आता अडीच वर्षांची आहे. रोज पहाटे पाचच्या सुमारास उशाशी येऊन बसते आणि माझं कपाळ, भुवया, केसांची कड असं सगळं चाटत बसते, जीभ अगदी पॉलिश पेपरसारखी खरखरीत, पण डोळे मिटून घुरघुरत इतकं मन लावून करते की ढकलायचं जिवावर येतं. मांजरं आपापसात जवळच्यांनाच असं चाटतात म्हणे, म्हणजे तिने मला आपलं मानलंय. सासूबाईंना आवडत नाही, त्यांच्या मते उष्टं ते उष्टंच. ते मी ऐकून घेते.

खरी काळजी बाबांची आहे. माझे बाबा दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहेत, त्यांना पंधरा वर्षं शुगर आहे आणि टाचांना खोल भेगा. दुपारी ते आडवे झाले की मनी पायाशी जाऊन नेमक्या भेगाच चाटते. बाबांना बरं वाटतं, "राहू दे गं, लेकरू आहे" म्हणतात. परवा बघितलं तर एका भेगेतून जरासं रक्त आलं होतं. बाबांना कळलंही नाही, पायाची संवेदना कमी झालीये ना. मी लगेच साबण लावून नळाखाली धुतलं आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. तिला रेबीजची लस तीन महिन्यांची असताना दिली होती, वर्षाने बूस्टरही दिला, यंदाचा मात्र बाबांच्या आजारपणात राहून गेला. रात्री जिन्यातून खाली जाऊनही येते. शुगरवाल्या घरात कुणी मांजर पाळलंय का, तुम्ही काय करता? मांजर सोडून द्या असं कृपया सांगू नका.

प्रतिसाद १
ताई, तुमच्या कपाळाचं फार मनावर घेऊ नका, धडधाकट माणसाच्या अखंड कातडीवर चाटलं तर सहसा काही होत नाही, तोंड धुवायचं, बस. डोळे, ओठ आणि पिंपल फुटलेली जागा तेवढी सांभाळा. पण भेगा म्हणजे उघडी जखमच. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू बहुतेक वेळा असतातच, मांजराला त्यांचा त्रास नाही पण शुगरवाल्याची जखम चिघळू शकते. लाल होणं, सूज, गरम लागणं, पू असं काही दिसलं तर थांबू नका. आणि फाटलेल्या कातडीला लाळ लागली की रेबीजच्या हिशोबात ती गंभीर श्रेणीत धरतात, मनी बाहेर जाते आणि बूस्टर चुकलाय, तेव्हा बाबांना आजच डॉक्टरकडे न्या, इंजेक्शन लागेल की नाही ते त्यांना ठरवू दे. आणखी एक, बाबा पायाला दुखण्याचं जेल लावतात का?

धागाकर्ती
हो! डायक्लोफेनॅकचं, रोज दुपारी, घोट्याला आणि टाचेला. का हो?

प्रतिसाद १
मग ताबडतोब बंद करा, म्हणजे मनी आसपास असताना तरी. ते औषध मांजराच्या किडनीवर जातं, चाटून थोडं थोडं पोटात गेलं तरी. ती उलट्या करतेय का, जेवण कमी झालंय का, शी काळी होतेय का बघा. काही दिसत नसलं तरी व्हेटला जेलचं नाव सांगाच. घरात कुणी केसांना मिनॉक्सिडिल (केस गळतीवरचं औषध) लावत असेल तर तेही मांजराला विषासारखं आहे, अशा डोक्याला तिला चाटू देऊ नका.

धागाकर्ती
देवा. मी फक्त बाबांचाच विचार करत होते, हे डोक्यातच आलं नाही. दोन दिवस ती वाटीत अर्धं जेवण ठेवतेय आणि मला वाटलं उन्हाळा आहे म्हणून. बाबांना आत्ताच डॉक्टरकडे नेतेय, मनीची व्हेटकडे सहाची वेळ मिळाली, बूस्टरचंही तिथेच विचारते. ट्यूब कपाटात वर ठेवली. आता दुपारी बाबांना मोजे घालायचे ठरवलंय, पण साध्या मोज्यांच्या इलॅस्टिकचे वळ उठतात त्यांच्या पायावर. सैल इलॅस्टिकचे सुती मोजे वापरणारं कुणी असेल तर कुठे मिळतात ते सांगा प्लीज.