मदत हवी आहे: वाहतूक आणि राष्ट्रीय सुरक्षा, दोन्हीत काम करायचं तर कुठली सेवा?

भाची नागपूरच्या व्हीएनआयटी कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअरिंग करून यंदा बाहेर पडली. हातातली नोकरी सोडून यूपीएससीचं घेऊन बसलीय. पण आयएएस नको म्हणते. वाहतूक आणि सुरक्षेचं धोरण जिथे ठरतं तिथेच जायचंय.

हे वेड नॉर्मन मिनेटांचं. 2001 साली अमेरिकेचे वाहतूकमंत्री. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यावेळी सगळी नागरी विमानं खाली उतरवायचा हुकूम त्यांच्या खात्यातूनच निघाला. टीएसए ही विमानतळांवरची सुरक्षा यंत्रणा त्याच वर्षी त्यांच्या खात्यात उभी राहिली, 2003 मध्ये गृहसुरक्षा खात्याकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून लहानपणी कुटुंबासकट छावणीत राहिलेला हा माणूस. विमानतळावर वंश बघून प्रवाशांना बाजूला काढायला त्यांनी ठाम विरोध केला. वाचलं तेव्हा पोरीचं म्हणणं मलाही पटलं.

पण ते राजकारणी. आपल्याकडे कुठून शिरायचं? सोनेगावला विमानतळाच्या दारात तिकीट बघणारा सीआयएसएफचा जवान गृहखात्याचा, त्याचे नियम ठरवणारी बीसीएएस ही विमान सुरक्षेची संस्था नागरी विमान वाहतूक खात्याची. नागपूर स्टेशनवर आरपीएफ हे सुरक्षा दल रेल्वेचं, जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस राज्याचे. सीमेवरचे रस्ते संरक्षण खात्याकडे. डोकं गरगरतं बाप्पा! ईएसई, म्हणजे यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा द्यावी की सनदी सेवा? जाणकारांनी सांगा.

अजनीवाला:
भाऊ, आधी ठरवा, वर्दी हवी की फाईल? बीसीएएसचं आजचं रूप 1985 च्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानातल्या स्फोटानंतरचं, 1987 पासून ती स्वतंत्र. पण तिच्या प्रमुखाच्या खुर्चीत बहुधा आयपीएसच बसतो. आरपीएफची गट अ सेवाही सनदी परीक्षेतूनच मिळते. रेल्वेत मात्र आता दोन्ही दारं उघडी आहेत: 2025 पासून आयआरएमएस या रेल्वे व्यवस्थापन सेवेची वाहतूक, लेखा, कार्मिक ही पदं सनदी परीक्षेतून, सिव्हिलसकट तांत्रिक पदं ईएसईतून. पुढे प्रतिनियुक्तीवर दिल्लीत मंत्रालयांत जाता येतं, धोरणाचं काम तिथे. पण त्याला वर्षं लागतात, पोरीला आधीच सांगून ठेवा.

हिमांक_निवृत्त:
सिव्हिलवाली आहे म्हणता आणि बीआरओचं, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सीमा रस्ते संघटनेचं नाव कोणीच घेत नाही? सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवा ईएसईतूनच मिळते. 1960 ची संघटना, 2015 पासून पूर्णपणे संरक्षण खात्याखाली. अटल बोगदा यांचाच, 9 किलोमीटर. तिथे रस्त्याची आखणी हाच सुरक्षेचा निर्णय असतो. कुठल्या खिंडीतून न्यायचा, पूल किती टनांचा, हिवाळ्यात बर्फ कोण काढणार. कागदावरचं धोरण वाटतं तेवढं लांब नाही. मुलींना जमतं का म्हणाल, तर आपल्या वर्ध्याच्या वैशाली हिवसे 2021 मध्ये सीमेवरच्या रस्ते कंपनीच्या कमांडिंग ऑफिसर झाल्या, बीआरओत अशी कंपनी सांभाळणाऱ्या पहिल्या महिला. घरापासून लांब, उंचावर राहायची तयारी मात्र हवी. नागपूरचं ऊन सोसणं वेगळं न् तिथली थंडी वेगळी. फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरताना क्लासवाले ही सेवा शेवटी टाकायला सांगतात, त्यांचं ऐकू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. हिमांककाका, एक राहिलंच. तिला उजव्या डोळ्याला मोठा नंबर आहे. बीआरओच्या मेडिकलला चष्मा अडतो का?