गुहागरला तंबूत दोन रात्री: पॉवर स्टेशन किती क्षमतेचे घ्यावे?

वाळूपुळण:
फेब्रुवारीअखेर आम्ही तीन मोठी माणसे आणि दीड वर्षांची मुलगी गुहागरला सुरूच्या बनालगत तंबूत दोन रात्री राहणार आहोत. तीन मोबाईल, दोन एलईडी दिवे आणि मुलीसाठी रात्रभर छोटा पंखा एवढीच गरज आहे. दुकानात एका पॉवर स्टेशनच्या, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या, खोक्यावर ८०,००० एमएएच असे ठळक छापलेले आहे, तर त्याच्या दुप्पट किमतीच्या आणि बऱ्याच जड अशा दुसऱ्यावर ५१२ वॅट-अवर. आकडा एवढा मोठा असूनही पहिले स्वस्त कसे, हे कळत नाही.

खाडीकाठ:
एमएएचच्या आकड्याला व्होल्टेजने गुणल्याशिवाय त्यावरून साठ्याचा अंदाज येत नाही. ८०,००० एमएएच म्हणजे ८० अँपिअर-अवर, सेलच्या ३.७ व्होल्टने गुणले की जेमतेम २९६ वॅट-अवर (वॅट गुणिले तास, म्हणजे साठलेली वीज) उरतात. आता तुमचा खर्च पाहा. २० वॅटचा पंखा आठ तास चालला की १६०, पाच-पाच वॅटचे दोन दिवे चार तास जळले की ४०, आणि मोबाईलचे साधारण ६०, म्हणजे एका रात्रीला २६०. पहिले खोके दुसऱ्या रात्री तुम्हाला अंधारात ठेवील. दोन रात्रींचे ५२० होतात, म्हणजे ५१२चेही थोडे कमीच पडेल, शिवाय छापलेल्या क्षमतेतली सगळी वीज बाहेर मिळत नाही.

आडवाट:
यात खरा खादाड पंखाच आहे. तो १२ व्होल्टचा डीसी घ्यावा आणि थेट डीसी सॉकेटला जोडावा. घरातला टेबलफॅन लावला तर तो पन्नासेक वॅट खातो, शिवाय इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज घरगुती एसी करणारा भाग) चालू राहिल्याने काही वीज त्यातच जाते. सौर पॅनेलवर फार भिस्त ठेवू नये. माझ्या १०० वॅटच्या पॅनेलने सुरूच्या विरळ सावलीत स्टेशनच्या पडद्यावर १८ वॅट दाखवले होते, आणि दहा पावलांवर उघड्या वाळूत नेताच ६४. त्यापेक्षा दुपारी गाडीने हेदवीच्या दशभुजा गणपतीला जाऊन या. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून तेवढ्या वेळात शंभरएक वॅट-अवर सहज भरतील.

खारवारा:
बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे ना, तेवढे विचारून घ्या; वजन वाढते, पण ती हजारो वेळा चार्ज होते आणि उष्णताही जास्त सोसते. तरी उन्हात बंद गाडीत ठेवू नका. माझ्या स्टेशनच्या चार्जिंगच्या खाचेत एका पावसाळ्यात हिरवट कीट धरले होते, कारण किनाऱ्यावरून आल्यावर मी ते पुसलेच नव्हते. वाळूत ठेवताना खाली पाट किंवा फळी असावी, नाहीतर आतला पंखा झरोक्यांतून वाळू ओढतो.

वाळूपुळण:
५१२चे आणि डीसी पंखा असे ठरवले. आईला हेदवीला जायचेच होते.