ठेवणीतले नाहीत, घरातले नाहीत : मधल्या कपड्यांचे अनुभव

माझ्या कपाटात दोनच कप्पे भरलेले असतात. एकात ठेवणीतले कपडे, म्हणजे सिल्कच्या साड्या आणि लग्नाकार्यात मिळालेले भरजरी ड्रेस. दुसऱ्यात घरातले. सोसायटीची मीटिंग, बालगंधर्वला नाटक, लेकीच्या मैत्रिणीकडे चहा, रविवारी मंडईतून येताना वाटेत कॉफी, यांतल्या कशालाच यांपैकी काही चालत नाही. काहीतरी चढवावं तर "मुंजीला निघालीस का?" ऐकायला मिळतं. नाही चढवलं तर फोटोत मी सगळ्यांची मावशी दिसते.

मला वाटतं, साधा कपडा आपण मुद्दाम विकत घेतच नाही. घेतो तो चांगला. तो विटला की ऑफिसला, तिथून उतरला की घरात, शेवटी फडकं. म्हणजे साधे म्हणून जे घालतो ते मुळात उतरलेले कपडे असतात. मग ते गबाळे दिसणारच.

तर या मधल्या कप्प्याचे अनुभव खाली आपापल्या टोपणनावाने लिहा. कापड कुठलं, उंची किती, पायात काय, हवा कशी. पुरुषांनीही लिहा. "आत्मविश्वास हाच खरा दागिना" हे माहीत आहे, तेवढं सोडून लिहा.

सव्वाआठची लोकल

डोंबिवली ते दादर, त्यामुळे माझी पहिली अट म्हणजे गर्दीत काही अडकता कामा नये. ओढणी कधीच सुटली. सध्या गुडघ्याच्या जरा वर संपणारा सरळ कुडता आणि घोट्याच्या वर संपणारी सुती पँट, एवढाच गणवेश आहे. पूर्वी पोटरीपर्यंतचे कुडते आणि खाली लेगिंग घालायचे. माझी उंची कमी, त्यात मी अर्धी झाकली जायचे. कुडता वर गेला आणि पँट सरळ झाली, तर लोक विचारायला लागले, बारीक झालीस का. वजन तेच आहे.

लिननबद्दल एक. मुंबईच्या घामात त्याच्यासारखं सुख नाही, पण ठाणे येईपर्यंत त्याचा पापड होतो. सुती-लिनन मिश्र कापड घ्या, चुण्या पडतात पण लाज वाटत नाही.

दोन टाके

मी बायकांचे कपडे शिवते, म्हणून हे जरा लांबणार.

तयार कुडता गबाळा दिसतो तो बहुतेकदा खांद्यामुळे. खांद्याची शिवण दंडावर उतरली की अख्खा कुडता दुसऱ्या कुणाचा मागून आणल्यासारखा वाटतो. बाजूने आत घेता येतं, उंची कमी होते, बाही आखूड होते. खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापावा लागतो आणि साध्या कुडत्यावर तेवढी मजुरी कोणी देत नाही. म्हणून दुकानातल्या आरशात आधी खांदा बघा. छाती-कंबर सैल असली तर असू दे, ती मी आत घेईन.

दुसरं, बाजूचा कट. तो फार खाली सुरू झाला की बसल्यावर कुडता पोटावर ओढला जातो आणि आडव्या चुण्या पडतात. बायकांना वाटतं पोट सुटलंय. पोटाचा काही दोष नसतो, कट वर घ्या.

तिसरं, सुती कापड आटतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण भिजवून कोणी आणत नाही. शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा, न पिळता वाळवा. अस्तरही भिजवा. ते राहिलं की पहिल्या धुण्यात अस्तर आत आखडतं आणि कुडत्याला खालून फुगे येतात. शिवाय बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा, म्हणजे वर्षभराने सैल करता येतो. तयार कपड्यात माया जवळजवळ नसतेच.

आणि ज्या बायका "मी जाड आहे, मला ढगळच शिवा" म्हणतात त्यांचं मी ऐकत नाही. छातीशी टक्स (आकार देणाऱ्या चिमट्या) घालते आणि कमरेला किंचित घेते. ढगळ कापड छातीच्या टोकावरून सरळ खाली लोंबतं आणि बाई आहे त्याहून रुंद दिसते.

खिशात हात

पुरुषांचा प्रतिनिधी. आमचं दुखणं शर्ट बाहेर काढण्याचं. ऑफिसचा शर्ट खोचण्यासाठी शिवलेला असतो, मागे-पुढे लांब आणि बाजूला गोलाईने वर चढलेला. तोच रविवारी बाहेर काढला की बँकेतून दमून आलेला माणूस तयार होतो. बाहेर ठेवायचा शर्ट आखूड हवा, मागच्या खिशाच्या साधारण मध्यापर्यंत. नवा घ्यायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याने माझे जुने शर्ट खालून सरळ कापून पट्टी मारून दिली, फुटकळ पैशांत.

पायात कोल्हापुरी. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा लोकांना कळलं की ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा दोन्ही राज्यांच्या जिल्ह्यांना मिळून आहे. जीन्सवर चालते, सुती पँटवर तर फारच. फक्त पावसाळ्यात बाहेर काढू नका, चामडं पाणी पितं आणि तळ मऊ पडतो. वडिलांचं मत असं की चपलेला तेल पाजलं नाही तर ती चप्पलच नव्हे.

उन्हाळी (नागपूर)

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना स्टाइल बिइल राहू द्या हो, आधी जगायचं असतं. तरी सांगते. मलमल. पातळ असतं म्हणून बायका टाळतात, त्याला आत सुती शमीज घाला, सिंथेटिक नको. रंगाने फिकं आणि छापील घेते, कारण छापावर घामाचे डाग दिसत नाहीत. रेयॉन थंड वाटतं दुकानात, दुपारी दोनला अंगाला चिकटून बसतं.

मूळ धागा काढणारी

दोन टाके, अस्तराचं वाचून मी कपाट उघडून बसले आहे. फुगे आहेत. पण दागिन्यांचं कोणी बोललं नाही. तिथेच माझा तोल जातो.

हळदीकुंकू नको

मग मी बोलते. ऑक्सिडाइज्डचे झुमके, त्याच सेटचं गळ्यातलं, हातभर बांगड्या, मोठी टिकली, वर नथीची पिन. यातली प्रत्येक गोष्ट छान. सगळ्या मिळून पुस्तक प्रकाशन सोहळ्यातली सूत्रसंचालिका. मी कानात मोठं घातलं की गळा रिकामा सोडते. गळ्यात घातलं तर कानात बारीक खडे. घड्याळ दोन्ही वेळा.

सायकलवाली (नेदरलँड्स)

इथे ऑफिस, दूध, पार्टी सगळीकडे सायकलने जायचं आणि सगळीकडे तेच कपडे. भारतातून आणलेल्या लांब कुडत्यांचा पल्ला चाकाशी जायला लागला तेव्हा मी ते मांडीपर्यंत आखूड करून घेतले. आता जीन्सवर अजरख छापाचा आखूड कुडता, त्यावर गडद निळा लोकरी कोट, पांढरे बूट. अजरखच्या निळ्या-तांबड्यावर हा कोट असा बसतो की मुद्दाम जुळवल्यासारखं वाटतं, खरं तर तो सेलमधला आहे. इथल्या करड्या आकाशाखाली आपले छाप फार उठून दिसतात, म्हणून एका वेळी एकच. बाकी सगळं एकरंगी. मराठी मंडळाच्या दिवाळीला मात्र भरजरी काढते आणि त्याची मजा वेगळी.

सत्तरीची

तुमच्या सगळ्यांच्या कुडत्यांत माझी साडी घुसवते. रोजची सुती साडी हा मधला कप्पाच होता की आमचा. ती समारंभाची दिसते की साधी, हे कांजी ठरवते. दाट कांजीची कडक साडी म्हणजे समारंभ. तीच साडी पातळ पेजेच्या पाण्यात बुडवली, निऱ्या जरा सैल घातल्या की भाजीलाही नेता येते. आणि ब्लाउज. दंडात रुतणारं जुनं ब्लाउज असलं की हजारांची साडीही ओशाळते. काकूबाई दिसण्याची भीती मला कधी वाटली नाही. मी काकूच आहे. पण गबाळी नाही.

पेडण्याहून

सत्तरीच्या काकूंना अनुमोदन. आमच्या गोव्यात कुणबी साडी, तांबड्या चौकटीची, शेतात राबणाऱ्या बायकांची. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा उजेडात आणली आणि आता पणजीत प्रदर्शनांना, संगीताच्या कार्यक्रमांना मुली ती नेसतात. मी तिच्यावर साधा पांढरा सुती शर्ट घालते, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. आई म्हणते, पोशाख अर्धवट राहिलाय. मैत्रिणी पत्ता विचारतात. दोघींचंही ऐकून घेते.

सव्वाआठची लोकल

धुण्याचं एक विचारायचं होतं. नवा छापील कुडता मिठाच्या पाण्यात ठेवला की रंग पक्का होतो ना?

दोन टाके

नाही होत. रंग पक्का करायचं काम रंगाऱ्याने करायचं असतं, आपल्या बादलीत ते होत नाही. सुटणारा रंग सुटणारच. पहिली काही धुणी वेगळी करा, गार पाण्यात, उलटा करून सावलीत वाळवा. सुती कपड्याची इस्त्री किंचित ओलसर असताना करा, नंतर पाणी शिंपडत बसावं लागत नाही.

मूळ धागा काढणारी

शेवटचा प्रश्न. घरात खणाचं कापड पडलंय. अख्खा कुडता शिवला तर पुन्हा मुंजच होईल का?

दोन टाके

होईल. शिवाय खण मुळात चोळीसाठी विणायचे, पन्हा (कापडाची रुंदी) छोटा. जुना खण असेल तर कुडत्याला जोड द्यावा लागेल. एकरंगी सुती कुडता घ्या, मातकट किंवा काळा, आणि खणाची फक्त गळ्याची पट्टी व खिसा लावा. उरलेल्या तुकड्याची पिशवी होते. आणि कापड आणताना भिजवून आणा.